सहा मे की सहा-पाच?

पत्र थोडक्यात असं: पुण्यात नोकरी करणाऱ्या एका ताईंचं मूळ गाव सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. त्यांच्या ८२ वर्षांच्या आजीचे (आईच्या आईचे) वडील दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते, ते परत आले नाहीत. आजी दीडेक वर्षाची असताना हुरड्याच्या दिवसांत ते एकदा रजेवर आले होते, एवढंच तिला तिच्या आईकडून ठाऊक. घरात एक फोटो, दोन पदकं आणि एक फाटका इंग्रजी कागद आहे. कागदावर अर्धवट नंबर आणि '६/५ एम.एल.आय.' एवढंच वाचता येतं. म्हणून ते ६ मे १९४५ ला ब्रह्मदेशात जपान्यांशी लढताना गेले असं घरात मानलं जातं आणि दर ६ मेला आजी फोटोपुढे नारळ वाढवते. यंदा ताईंनी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर पणजोबांचं नाव घातलं. तारीख निघाली २९ ऑक्टोबर १९४५ आणि जागा 'सिंगापूर मेमोरियल'. युद्ध तर ऑगस्टमध्ये संपलेलं. मामा म्हणतात, "सिंगापूर म्हणजे आझाद हिंद सेना, सरकारने लपवलं." ते गावात फलक लावायला निघालेत. ओळखीच्या एका प्राध्यापकांनी वेगळंच सांगितलं: त्या सुमारास हिंदी पलटणी जावा बेटावर इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यसैनिकांशी लढत होत्या. ताई विचारतात, "पलटणीचा प्रवास दिवसवार कसा काढायचा? आणि जे निघेल ते आजीला सांगायचं का, की इथेच थांबायचं?"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा '६/५'पाशी थांबले. आधी तेवढं उलगडून टाकू, कारण तुमच्या घरातली ऐंशी वर्षांची समजूत त्या दोन आकड्यांवर उभी आहे.

ती तारीख नाही, पलटणीचा पत्ता आहे. १९२२ साली इंग्रजांनी जुन्या मराठा पलटणी एकत्र करून एक रेजिमेंट केली आणि तिला पाचवा क्रमांक दिला, '५वी मराठा लाइट इन्फन्ट्री'. तिच्या पोटात पहिली, दुसरी, तिसरी अशा बटालियन. तेव्हा '६/५ एम.एल.आय.' म्हणजे पाचव्या रेजिमेंटची सहावी बटालियन, फौजी बोलीत 'सहा-पाच'. कागद आला तेव्हा गावात इंग्रजी वाचू शकणारे एखादे गुरुजी किंवा पोस्टमास्तर असतील. त्यांनी आकडे पाहिले, सहा मे म्हणून सांगितलं, आणि साल जुळवून घेतलं गेलं. त्यांनाही दोष देववत नाही. मेच्या सुरुवातीलाच रंगून परत घेतल्याची बातमी सगळीकडे होती, त्यामुळे ब्रह्मदेशही चपखल बसला.

पण वेबसाइटवर सापडलेलं नाव तुमच्याच पणजोबांचं आहे हे कशावरून? राग मानू नका, पण पुढचं सगळं या उत्तरावर आहे. साताऱ्याच्या एकेका तालुक्यातून त्याच नावाचे, त्याच आडनावाचे तीन-तीन शिपाई भरती झालेले सापडतात. त्यात लष्करी कारकुनांचं इंग्रजी. जाधवच्या शेवटी कुठे 'व्ही' तर कुठे 'ओ', पवारचं 'पोवार', चव्हाणचं 'चौहान'. कित्येकदा तर आडनावाच्या रकान्यातच पहिलं नाव घातलेलं असतं. म्हणून नाव जुळलं याला मी फार किंमत देत नाही. बापाचं नाव, बायकोचं नाव आणि गाव हे नोंदीत असेल तर बघा (बऱ्याच नोंदींत 'अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, राहणार अमुक' अशी ओळ असते), आणि सगळ्यात महत्त्वाचा तो लष्करी नंबर. शिपायाचं नाव सहा प्रकारे लिहिलं गेलं तरी नंबर सहसा बदलत नाही.

तो नंबर तुमच्या घरातच असण्याची बरीच शक्यता आहे. तुम्ही लिहिलंय की एक पदक चांदणीसारखं आहे आणि दुसरं गोल, त्याची फीत जांभळी, मधे हिरवी पट्टी, आणि फितीवर काळवंडलेल्या अक्षरांची एक आडवी पट्टी. त्या काळात हिंदी फौजेला दिलेल्या पदकांवर पुष्कळदा कडेला बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट ठोकलेलं असे. चांदणी असेल तर मागच्या बाजूला बघा. भिंग घ्या, बॅटरीचा उजेड तिरपा पाडा आणि मोबाइलवर फोटो काढा. मात्र चिंच-मीठ लावून घासू नका, पितांबरी तर नकोच. माझ्या माहितीतल्या एका घरात दिवाळीच्या साफसफाईत एका पदकावरचं नाव कायमचं पुसलं गेलं.

जांभळ्या फितीवर हिरवी पट्टी म्हणजे 'जनरल सर्व्हिस मेडल'. हे महायुद्धाचं पदक नव्हे. महायुद्धाबाहेरच्या मोहिमांसाठी ते दिलं जाई आणि कोणती मोहीम ते फितीवरची आडवी पट्टी सांगे. तुमच्या पट्टीवर मला वाटतं 'एस. ई. एशिया १९४५–४६' असं निघेल. जपानने शरणागती पत्करल्यानंतर जावा आणि इंडोचायनात गेलेल्या सैनिकांना ही पट्टी मिळाली. तसं निघालं आणि कडेचा नंबर वेबसाइटवरच्या नंबराशी जुळला, तर मामांचा आणि प्राध्यापकांचा वाद तुमच्या घरातल्या पदकांनीच मिटवला असं समजा.

आता पलटणीच्या प्रवासाकडे वळू. तुम्ही विचारलंय, "मराठा पलटण तेव्हा कुठे होती?" या प्रश्नाला एक उत्तर नाही. १९४१ च्या मार्चमध्ये तिसरी बटालियन पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर होती. दुसरी बटालियन जून १९४२ मध्ये लिबियातल्या तोब्रुकला जर्मनांच्या हाती सापडली. पहिली, तिसरी आणि पाचवी इटलीत लढल्या. नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांचे व्हिक्टोरिया क्रॉस इटलीतलेच, पण एक तिसऱ्या बटालियनचे आणि दुसरे पहिलीचे, एक टायबर नदीच्या खोऱ्यात जुलै १९४४ मध्ये आणि दुसरे सेनिओ नदीवर एप्रिल १९४५ मध्ये. नुसतं 'मराठा पलटण' म्हणून शोधलंत तर या सगळ्यांच्या वाटा एकमेकींत मिसळतील आणि तुमचे पणजोबा एकाच महिन्यात तीन खंडांत दिसतील.

आणि इतर वाचकांसाठी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. आमच्या घरात एक 'इटलीचे काका' होते. मराठा, महायुद्धात इटलीला गेलेले, म्हणजे मराठा पलटणच, असं धरून मी चार महिने पहिल्या आणि तिसऱ्या बटालियनचा माग काढत बसले. शेवटी त्यांचं डिस्चार्ज बुक माळ्यावर सापडलं. ते आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते, रेशनचे ट्रक चालवत. मराठी माणूस तोफखान्यात, सॅपर्समध्ये, महार रेजिमेंटमध्ये, इस्पितळात, कुठेही असू शकतो. तुमच्याकडे निदान '६/५' लिहिलेला कागद आहे. तेवढंही अनेकांकडे नसतं. त्यांनी फोटोतली बाही बघावी. डिव्हिजनचं चिन्ह खांद्याजवळ शिवलेलं असे (काही बटालियन मिळून एक ब्रिगेड, काही ब्रिगेड मिळून एक डिव्हिजन): चौथ्या डिव्हिजनचा लाल गरुड, आठवीची क्लोव्हर गवताची पानं, पाचवीचा लाल गोळा, तेविसावीचा झुंजार कोंबडा. तुमच्या फोटोत कोंबडा दिसतो का ते बघा, कारण सहा-पाच त्याच डिव्हिजनमध्ये होती.

तर सहा-पाचची गोष्ट. ही बटालियन युद्धकाळात उभी राहिली आणि २३ व्या हिंदी डिव्हिजनच्या ४९ व्या ब्रिगेडमध्ये होती. ब्रिगेडमध्ये मराठ्यांच्या दोन बटालियन, चौथी आणि सहावी, आणि जोडीला राजपुताना रायफल्सची एक. १९४४ मध्ये जपानी फौज मणिपूरवर चालून आली तेव्हा ही डिव्हिजन इंफाळच्या आघाडीवर होती. उखरूलच्या वाटेवर सांगशाकला मार्चअखेरीस जी भीषण झुंज झाली, तिच्यात पॅराशूट ब्रिगेडबरोबर चौथी मराठा होती. तो उन्हाळा आणि पावसाळा इंफाळभोवतीच्या डोंगरांत काढून डिव्हिजन विश्रांतीसाठी मागे हिंदुस्थानात आणली गेली. आता आजींची ती हुरड्याची रजा आठवा. १९४४-४५ चा हिवाळा, आजी दीड वर्षाच्या. हा पुरावा नव्हे, पण जुळतंय.

म्हणजे घरातली ब्रह्मदेशाची आठवण खोटी नाही. चांदणीचं पदक 'बर्मा स्टार' असेल (गडद निळा, केशरी आणि मधे रुंद लाल असे पट्टे असतील तर तेच), आणि ते मिळायला ब्रह्मदेशातच पाय ठेवावा लागे असंही नव्हतं. ठरावीक काळात आसामच्या बाजूला केलेली सेवाही त्यात धरली जाई. पणजोबा रजेवर आले तेव्हा त्यांनी ब्रह्मदेशाच्या सीमेवरच्या गोष्टी सांगितल्या असतील, पणजींनी त्या लेकीला सांगितल्या, आणि पुढचा काळ कुणालाच ठाऊक नसल्याने मृत्यूही तिथेच जाऊन बसला.

पुढचा काळ असा. १५ ऑगस्ट १९४५ ला जपानने शरणागती जाहीर केली. १७ ऑगस्टला जाकार्तात सुकार्नो आणि हत्ता यांनी इंडोनेशियाचं स्वातंत्र्य घोषित केलं. बेटांवर शस्त्रधारी जपानी सैन्य तसंच होतं, आणि छावण्यांत हजारो युद्धकैदी आणि डच बायकामुलं अडकलेली होती. जपान्यांना नि:शस्त्र करायचं आणि छावण्या रिकाम्या करायच्या हे काम माऊंटबॅटनच्या हुकमतीखालच्या फौजांकडे आलं, आणि प्रत्यक्षात ते बहुतांशी हिंदी शिपायांच्या वाट्याला गेलं. २३ वी डिव्हिजन आधी मलायाच्या किनाऱ्यावर उतरवली गेली, मग जावाला. ४९ वी ब्रिगेड ब्रिगेडियर मॅलबी यांच्या हाताखाली २५ ऑक्टोबर १९४५ ला सुराबाया बंदरात उतरली.

तिथे पहिले दोन दिवस वाटाघाटींत गेले. २७ ऑक्टोबरला विमानातून पत्रकं पडली: अठ्ठेचाळीस तासांत शस्त्रं खाली ठेवा. ती जाकार्ताहून आली होती. सुराबायात मॅलबींनी स्थानिक पुढाऱ्यांशी जे ठरवलं होतं ते त्या कागदांनी एका सकाळीत मोडलं. ब्रिगेड तेव्हा शहरभर लहानलहान ठाण्यांत विखुरलेली होती, कुठे एका इमारतीत एक कंपनी, कुठे रस्त्यावर वीसेक माणसं. २८ ऑक्टोबरला जपान्यांची शस्त्रं हाती आलेली हजारो तरुण मुलं त्यांच्यावर तुटून पडली. बायकामुलांना घेऊन निघालेल्या ट्रकांच्या ताफ्यावरही हल्ला झाला. काही ठाण्यांतला दारूगोळा संपला आणि तिथली माणसं संपली. २९ तारखेला इंग्रजांनी सुकार्नोंनाच विमानाने आणून तह करवला. ३० तारखेच्या संध्याकाळी जेंबातान मेरा, म्हणजे लाल पुलाजवळ, मराठ्यांची एक कंपनी अडकून पडलेल्या इमारतीसमोर मॅलबी मारले गेले. मग पाचवी हिंदी डिव्हिजन आली आणि १० नोव्हेंबरला तोफा आणि विमानांसह शहरावर मोठा हल्ला झाला. इंडोनेशियात १० नोव्हेंबर आजही 'वीर दिन' म्हणून पाळतात.

तुमच्या वेबसाइटवरची तारीख २९ ऑक्टोबर आहे. नंबर जुळला तर पणजोबा सुराबायात उतरल्यापासून पाचव्या दिवशी गेले. सिंगापूरचं कोडंही मग सुटतं. ज्यांचा देह किंवा समाधी मिळाली नाही अशा, मलाया आणि इंडोनेशियातल्या सैनिकांची नावं सिंगापूरच्या क्रांजी इथल्या स्मारकावर कोरली आहेत. नाव तिथे असणं म्हणजे माणूस तिथे गेला असं नव्हे. आणि युद्ध संपल्यावरची तारीख असूनही ते या यादीत कसे? कमिशनने दुसऱ्या महायुद्धासाठी ३१ डिसेंबर १९४७ पर्यंतचे मृत्यू धरले आहेत, म्हणून.

आता मामांबद्दल. सिंगापूर म्हटलं की आझाद हिंद सेना आठवणं स्वाभाविक आहे, आणि तुमच्या मामांच्या मनात त्यामागे काय आहे तेही मला कळतं: आईच्या वडिलांसारखा माणूस इंग्रजांसाठी मेला असं सांगायला जीभ रेटत नाही. पण आझाद हिंद सेनेत गेलेले बहुतेक सैनिक फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर कैद झालेल्या पलटणींतले होते. सहा-पाच तेव्हा तिथे नव्हती. शिवाय पट्टीबद्दलचा माझा अंदाज बरोबर निघाला, तर १९४५-४६ च्या मोहिमेचं पदक तुमच्या घरी पोचलं आहे. अंदाजावर फलक लावला आणि उद्या कुणी विचारलं, तर मामांची नव्हे, पणजोबांची अप्रतिष्ठा होईल. फलकावर नाव, नंबर, '६/५ मराठा लाइट इन्फन्ट्री', 'सुराबाया, जावा' आणि तारीख एवढं लिहायला कुणाची हरकत नसावी. आपल्याकडे तशी जुनी रीतही आहे. पहिल्या महायुद्धानंतर सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत 'या गावातून इतके लढाईवर गेले, इतके मेले' अशा शिळा बसवल्या गेल्या. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातली ४६ जणांची तर प्रसिद्धच आहे. त्या शिळांवर बाजू कोणती ते लिहिलेलं नाही.

दिवसवार प्रवासासाठी तुम्हाला हवी ती 'वॉर डायरी'. युद्धावर असलेली प्रत्येक बटालियन रोजची नोंद ठेवत असे: कुठून निघालो, कुठे पोचलो, नकाशावरचे आकडे, कोण आलं, किती मेले. आग्नेय आशियातल्या पलटणींच्या डायऱ्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये 'डब्ल्यू ओ १७२' या मालिकेत आहेत. (पूर्वज इटलीत असतील तर 'डब्ल्यू ओ १७०', मध्यपूर्वेत आणि उत्तर आफ्रिकेत असतील तर 'डब्ल्यू ओ १६९', पहिल्या महायुद्धासाठी 'डब्ल्यू ओ ९५'.) त्यांच्या वेबसाइटवर शोधताना मराठाचं स्पेलिंग जुन्या धाटणीने करा: एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए. मी नव्या स्पेलिंगने शोधत बसले होते आणि काहीच नाही म्हणून हताश झाले होते. घरबसल्या प्रती मागवल्या तर पैसे पडतात. पण तिथे जाऊन रीडर्स तिकीट काढलं की स्वतःच्या कॅमेऱ्याने फुकट फोटो काढता येतात. लंडनमध्ये आपलं कुणी ना कुणी असतंच आता. मावसभावाला एक शनिवार मागा आणि त्याला फाइलचा नेमका क्रमांक द्या, नाहीतर तो तिथल्या कॅन्टीनचे फोटो पाठवेल. आधी तिथल्या वेळा मात्र बघून घ्या.

दिल्लीत संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभाग आणि राष्ट्रीय अभिलेखागार आहे. अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे पोर्टल घरून चाळता येतं. शिवाय १९५० च्या दशकात छापलेल्या अधिकृत युद्ध-इतिहासात युद्धानंतर ताबा घ्यायला गेलेल्या फौजांवर एक स्वतंत्र खंड आहे आणि त्यात जावाची मोहीम तपशिलात आहे. मोठ्या ग्रंथालयांत चौकशी करा. माझा सल्ला विचाराल तर डायरीच्या आधी तो वाचा, म्हणजे डायरीतली त्रोटक वाक्यं समजतील.

डायरीचे काही महिने गहाळ असू शकतात. ज्या पलटणीची ठाणीच उद्ध्वस्त झाली तिच्या कारकुनाने त्या दिवशी वही लिहिली असेल अशी अपेक्षा तरी कशी करायची? तसं झालं तर एक पायरी वर चढा: ब्रिगेडची डायरी, मग डिव्हिजनची. किंवा शेजारच्या घरात डोकवा: 'चार-पाच'च्या, म्हणजे चौथ्या बटालियनच्या डायरीत सहा-पाच दिसेल. जुन्या नकाशांसाठी नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाचा डिजिटल संग्रह उत्तम आहे. सुराबायाचे डचकालीन नकाशे त्यात आहेत. डच लोक 'उ'साठी 'ओ-ई' लिहीत, हे शोधताना ध्यानात असू द्या.

आणि आता तुमच्या मनाची तयारी करायची ती गोष्ट. पलटणीची वाट सापडली म्हणजे पणजोबांची वाट सापडली असं नाही. डायरीत गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं असतात, कधी सुभेदार-जमादारांची. शिपायांचा नुसता आकडा: 'चार ठार, अकरा जखमी'. त्या चारांत तुमचे पणजोबा होते की नव्हते ते डायरी सांगणार नाही. ते सगळा वेळ सहा-पाचमध्येच होते का, हेही नाही. आधी दुसऱ्या बटालियनमध्ये असतील, मधे मलेरियाने दोन महिने इस्पितळात असतील. '६/५' हा शेवटचा पत्ता आहे, एवढंच. त्यांची स्वतःची वाट त्यांच्या शीट रोलमध्ये असेल: भरतीची तारीख, बदल्या, रजा, इस्पितळ. त्यासाठी बेळगावला, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला स्पीड पोस्टाने अर्ज करा. नंबर, हुद्दा, वडिलांचं आणि पत्नीचं नाव, नात्याचा पुरावा, आणि गाव, तालुका, जिल्हा हे तेव्हाच्या नावांनी. खटावकडची काही गावं तेव्हा औंध संस्थानात होती, तेही तपासा. अर्ज शक्य तर आजींच्या सहीने जाऊ द्या. मुलीच्या अर्जाला पणतीच्या अर्जापेक्षा वजन आहे. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पत्र लिहून द्यायला मदत होते. मला एका कार्यालयातून तीन स्मरणपत्रांनंतर उत्तर आलं होतं, त्यामुळे पोचपावत्या जपून ठेवा.

राहिला तो प्रश्न, ज्यासाठी तुम्ही खरं पत्र लिहिलंय. "ते चुकीच्या बाजूला होते, हे आजीला कसं सांगू?"

'चुकीची बाजू' हे तुमचे शब्द. त्या ऑक्टोबरात खटावच्या एका शिपायाला किती बाजू दिसत होत्या? त्याला सांगितलं होतं की छावण्यांतल्या बायकापोरांना बाहेर काढायचंय. ते काम खरंही होतं. त्याच वेळी त्याच्या मागोमाग डच सत्ता परत येणार ही इंडोनेशियन मुलांची भीतीही खरी होती. हिंदी फौजा तिथे वापरण्याला नेहरूंनी इथे जाहीर विरोध केला होता. काही हिंदी शिपाई तर पलीकडे जाऊन मिळाले. आणि त्याच नोव्हेंबरात लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला. त्या एका महिन्यात हिंदी शिपाई तिन्हीकडे होते: आरोपीच्या पिंजऱ्यात, इंग्रजी गणवेशात, आणि इंडोनेशियनांच्या बाजूला. पणजोबांना वीर ठरवायचं किंवा अपराधी ठरवायचं, दोन्हीला माझा हात धजत नाही. त्यांना आठवडाभरसुद्धा मिळाला नाही. कोण कशासाठी लढतंय हे कळायलाच माणसाला त्याहून जास्त दिवस लागतात.

थांबू नका, असं मला वाटतं. पण आजींना सांगण्याआधी त्यांना विचारा. आपण अशा वेळी उलटं करतो, वहीभर माहिती घेऊन म्हाताऱ्या माणसापुढे बसतो आणि तिची जन्मभराची आठवण दुरुस्त करायला लागतो. विचारा की त्यांची आई काय सांगायची. तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता, एक ओळ लिहिली आहे: 'पणजी म्हणायची, तुळशीचं लग्न झालं आणि कागद आला.' घरात सगळ्यांनी धरलं की मेमधली बातमी यायला सहा महिने लागले. पण १९४५ ची दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात होती, तुळशीचं लग्न त्यापुढे दोनेक आठवड्यांनी. २९ ऑक्टोबर धरला तर कागद तीन आठवड्यांत आला. तुमच्या पणजींना तारीख वाचता येत नव्हती, पण त्यांनी ती बरोबर सांगितली होती. ऐकणाऱ्यांनी कागदावर विश्वास ठेवला, तिच्यावर नाही. आजींना सांगायचंच तर तिथून सुरुवात करा: "तुझी आई म्हणायची ते खरं होतं."

जावाबद्दल त्या विचारतील तेवढंच आणि त्या विचारतील तेव्हा. बहुधा पहिला प्रश्न राजकारणाचा नसेलच. माझ्या अनुभवात या वयाच्या लेकी विचारतात, "एकटे होते का?" त्याचं उत्तर तुम्ही देऊ शकता. एकटे नव्हते. भोवती सातारा-कोल्हापूर-कोकणातलीच पोरं होती.

६ मेच्या नारळाला हात लावू नका. आजींना वाटलं तर त्या २९ ऑक्टोबरला दुसरा वाढवतील, नाही वाटलं तर नाही.

हे सगळं करताना वेळेचा क्रम मात्र पाळा. क्यूच्या फायली कुठे जात नाहीत, बेळगावचं उत्तर येईल तेव्हा येईल. आजी ८२ च्या आहेत. या रविवारी गावी जा, पदकाची कड बघा आणि त्यांना एक नेमकं विचारा: त्या वर्षी मेनंतरही, पावसाळ्यात, पलटणीतून मनिऑर्डर येत होती असं आई कधी बोलली होती का? शेजारणीला नक्की माहीत असेल असं त्या म्हणाल्या तर शेजारणीकडेही जा. उत्तर आलं की मला कळवा, आणि पदकाच्या कडेचा फोटोही पाठवा.